सागरचा घोटा आणि माझा तपास

मला माणसाचा संशय फार लवकर येतो. दूधवाला नुसता हसला तरी मी पातेलं तिरकं करून दूध बघतो. या स्वभावापायी मी एक जुळलेली सोयरीक मोडायलाच निघालो होतो, आता काय सांगू तुम्हाला!

मी मूळचा बार्शीचा. नोकरी हिंजवडीत, खोली नांद्याला, घरमालक तात्यांच्या घरासमोरच्या त्यांच्याच चाळीत. तात्यांचा मुलगा सागर म्हणजे आमच्या बेसबॉल टीमचा सगळ्यात जोरात पळणारा गडी. हो हो, बेसबॉल! गावात क्रिकेटच्या दहा टीम, तिथं आम्हाला कोण विचारतो? म्हणून तात्यांच्या भात काढलेल्या खाचरात तूस भरलेली पोती मांडायची, त्यांना बेस म्हणायचं आणि पळत सुटायचं. कॅप्टन अर्थातच मी.

रविवारी पिरंगुटच्या कारखान्यातल्या पोरांशी फायनल. आणि शुक्रवारी दुपारी ऑफिसात सागरचा फोन.

"दादा, मी न्हाई खेळत. काल प्रॅक्टिसला घसरत बेसवर गेलो आन् पाय पोत्याखाली आडाकला. डावा घोटा मुरगाळलाय."

मी काल प्रॅक्टिसला नव्हतो. नेमका त्याच दिवशी मुरगळला? आणि पिरंगुटचा कॅप्टन महेश कोण, माहीत आहे? सागरचा होणारा मेहुणा! आठच दिवसांपूर्वी सुपारी फुटलेली. होणाऱ्या मेहुण्याला कोण हरवतो हो? म्हटलं, पाणी इथंच मुरतंय.

"फोटो पाठव," मी म्हणालो.

फोटो आला. सागर कॉटवर, तोंड रडवेलं, अंगात टीमची जर्सी, शेजारी लांब केलेला पट्टी बांधलेला पाय. उजवा!

मी फोटो मोठा केला, छोटा केला, फोन चष्म्याला टेकवला. उजवाच! वर जर्सीवरचं 'नांदे' हे नावही उलटं छापलेलं. म्हणजे जर्सीवालासुद्धा पिरंगुटला सामील!

संध्याकाळी बसमधून उतरलो तो तडक तात्यांच्या घरात. बाहेर अनोळखी चपला. आत महेश आणि त्याचे वडील जावयाची विचारपूस करायला आलेले, हातात चहाचे कप. सागर कॉटवर, उशीवर पाय. आणि पट्टी कुठं? डाव्या पायाला!

मी बोट रोखलं. "दुपारी उजवा, आता डावा! हा बघा फोटो. महेशला जिंकवायला सोंग करतोय हा! आज खेळात खोटं बोलणारा उद्या संसारात काय करेल?"

महेशच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "तात्या, ह्ये काय ऐकतोय आमी? पोरगी द्यायची हाय आमाला."

सागरचं तोंड उतरलं. "मामा, आईशप्पत, खरंच मुरगाळलाय वो!"

"मग सोडा पट्टी!" मी गरजलो. आता माघार कसली?

काकूंनी, म्हणजे सागरच्या आईनं, माझ्याकडे असं काही बघितलं की पुढच्या महिन्यात खोली राहते की नाही याची मला शंका आली. त्यांनी पट्टी सोडली. घोटा वांग्यासारखा फुगलेला आणि तसाच जांभळा. सागर कळवळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण संशय काही जाईना.

"मग फोटोत उजवा कसा?"

महेशनं माझा फोन घेतला, बघितलं आणि खो खो हसत सुटला. "अवो, सेल्फी हाय ही! ह्याच्या फोनात आरशावानी उलटी येती. छातीवरचं नांदे बी उलटं हाय, त्ये न्हाई दिसलं व्हय?"

दिसलं होतं हो! पण जर्सीवाल्याचं नाव मी कुठल्या तोंडानं काढणार?

फोन घरभर फिरला. महेशच्या वडिलांनी फोटो बघितला, सागरच्या पाठीवर थाप मारली आणि कप परत उचलला. सोयरीक वाचली. मी दाराकडे सरकायला लागलो.

"सायब," तात्यांनी हाक मारली, "तुमी हिंजवडीला नक्की काम काय करता वो?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या चुका शोधतो."

मग महेशचे वडील खिशातून स्वतःचा मोबाइल काढून उलटासुलटा करत म्हणाले, "ह्यो तुमच्या कंपनीचा न्हाई ना?"