आईच्या हातची कुलकुलं

उन्हाळ्यात अर्धांगवायूने आईचा उजवा हात लुळा पडला, म्हणून मी म्हटलं होतं, "यंदा नाताळला कुलकुलं विकतच आणू."

आज सकाळी स्वयंपाकघरात आले, तर बाबा नारळाच्या दुधात मैदा मळत होते. आईने त्यातली छोटी गोळी काटेचमच्याच्या पाठीवर ठेवली आणि उजव्याच अंगठ्याने हळूहळू दाबत गुंडाळली. शिंपल्यासारखं, जरा वाकडं कुलकुल ताटात पडलं. मी लगेच कढई काढली.

सण तारखेला येतो असं मला वाटायचं. तो आधी कुणाच्या तरी बोटांत येत असावा.

"तळायला घेऊ?" मी अधीरपणे विचारलं.

"एकच?" आई म्हणाली. "बस इथे. ताट भरू दे."