बेलभंडाऱ्याची लेव्हल

आमच्या नगरसेवकाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

मागच्या निवडणुकीत तो भवानी पेठेतल्या आमच्या बोळात आला, दारात नळ देतो म्हणाला आणि बेलाचं पान नि चिमूटभर भंडारा आईच्या तळहातावर ठेवला. चादरींच्या कडा शिवून हात झिजवलेल्या माझ्या आईने शपथ घेतली, जिवंत असेपर्यंत मत यालाच. त्याने स्वतः मात्र काहीच उचललं नाही. ते कुणाला खटकलंही नाही, कारण आमच्याकडे भंडारा उचलून शपथ घ्यायची ती मतदाराने.

पुढे पाइपलाइन त्याच्या मंगल कार्यालयाकडे वळली. कोपऱ्यावरच्या नळावरून घागर आणताना आई पडली, खुबा मोडला. तो बघायलाही फिरकला नाही. यंदा परत निवडणूक लागली तेव्हा मी म्हटलं, आता तरी त्याला मत देऊ नकोस.

"त्यानं शबुद मोडला म्हणून मी देवापुडं खोटी पडू व्हय?" आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी घरी बसून मुलांचे मोबाइल गेम बनवते, गाड्या पळवायचे, फुगे फोडायचे. शर्यतीचे गेम असतात, मारामारीचे असतात, मग मतदानाचे का नसावेत? नवा प्रकारच काढला. यात खेळणारा म्हणजे उमेदवार. पांढरे बूट, सोनेरी काडीचा चष्मा, सुटलेलं पोट. ओळखायला अडचण नको. आश्वासन दिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि दर आश्वासनाला डोक्यावर एक घागर चढते. घागर सांडली की बायका हसतात. शेवटी तो गटारात पडतोच, कसंही खेळा. त्याला पाडताना मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेम पेठभर पसरला. त्याचेच कार्यकर्ते चहाच्या गाडीवर त्याला पाडत बसायचे. तो हादरला आणि जुन्या शपथा पक्क्या करायला बेलभंडाऱ्याचं ताट घेऊन घरोघर निघाला.

आमच्या दारात आला. "मावशी, परत एकदा उचला."

खाटेवर बसलेल्या आईने ताट त्याच्याकडेच सरकवलं. "नळ देणार न्हवं? मग या खेपेला तुमी उचला की."

अख्खा बोळ दारात जमला होता. तो हसला, घाम पुसला, कुणाचा फोन नसताना मोबाइल कानाला लावला. हात काही ताटाकडे गेला नाही.

"देवापुडं तुमीच मागं हटला, मग माजी शपत सुटली," आई म्हणाली. "जावा आता."

निवडून तो तरीही आला. नळ अजून नाही. पण वॉकर टेकत गेलेल्या आईने मत दुसऱ्याला दिलं, आणि मी गेममध्ये आणखी एक लेव्हल घातली. समोर बेलभंडारा, भोवती बोळ, मध्ये तो. आई ती रोज माझ्याकडून मागून घेऊन बघते. त्याचा हात हलवायला मी बटण ठेवलेलं नाही, आणि त्याला तिथून बाहेर पडायलाही नाही.