गडबची जादूची पोपटी

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा, पण निदान तोंडातला चहा गिळून मग हसा, सदरा नवा आहे माझा!

तर रिटायर झाल्यावर मी कादंबरी लिहिली. मुलांसाठी, चांगली जाडजूड. अष्टमीसारख्या लहान गावात राहून मास्तरानं दुसरं करायचं काय? सकाळी पुलावरून रोह्यात जाऊन भाजी आणायची आणि ती कशी शिळी निघाली हे बायकोकडून ऐकायचं. त्यापेक्षा कादंबरी बरी.

गोष्ट शिवकाळातली. पेणच्या मिठागरातली जनी आणि तिचा जिवलग दोस्त भिवा. भिवा तापानं जातो. जनी रडून रडून अर्धी होते. मग पौषातल्या कडाक्याच्या थंडीत ती भिवाची बासरी पोपटीच्या, म्हणजे वालाच्या शेंगा भाजायच्या मडक्यात घालते, पाल्यानं तोंड बंद करते, जाळ लावते, आणि मडकं उघडल्यावर वाफेतून भिवा येतो! घटकाभर बोलतो, हसतो, जातो. हे लिहिताना मी स्वतः दोनदा रडलो. बायको म्हणाली, "डोळ्यांत थेंब घाला."

गडब गावचा नाना माझा बालमित्र, पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर. त्याची बायको रखमा वहिनी पावसाळ्यात गेली, आणि हा आमचा बोलका नाना मुकाच झाला. नुसता ओटीवर बसून राहायचा. एकदा त्याच्या सुनेचा फोन आला.

"मास्तर, पोपटी लावतोय. पुस्तक घिऊन या ना, पोरांना वाचून दाखवा. मामंजी तेवढंच चार मानसांत बसतील. हसलेच नाय वो ते, आई गेल्यापासून."

मी काय नाही म्हणतो? श्रोते आणि वर पोपटी! लेखकाला अजून काय हवं?

गेलो. शेतात वीसेक पोरं, वालाच्या शेंगांचा ढीग, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला. नाना एका बाजूला गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. मी घसा खाकरून वाचायला लागलो. आवाज असा काही लावला की बांधावरची गुरंसुद्धा माना वर करून बघायला लागली!

वाचन संपलं, तशी नानाची नात सोनी जवळ आली. सात-आठ वर्षांची असेल.

"मास्तर आजोबा, खरंच येतो काय वो गेलेला मानूस?"

आता इथं कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, 'बाळा, गोष्ट आहे ती.' पण मी पडलो लेखक!

"येतो तर! मनापासून बोलवायचं. त्याची आवडती वस्तू मडक्यात घालायची. थंडी पाहिजे फक्त."

"थंडी हाय," सोनी म्हणाली. "आजी आली तर आजोबा हसतील ना?"

"हसतील की!" मी म्हटलं, आणि पुस्तकावर सह्या करायला वळलो. कोणी मागितल्या नव्हत्या, तरी.

मडकं भरलं, उपडं ठेवलं, भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ झाला. दिवस कलता कलता सुनेनं मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र झालं. झाली पोपटी! केळीच्या पानांवर मडकं ओतलं आणि वाफेचा हा लोट उठला.

नाना ताडकन उभा राहिला. नाक वर करून हुंगतोय, हुंगतोय, आणि डोळे भरून आले हो त्याचे!

"आजी आली!" सोनी ओरडली.

मला काय वाटलं असेल सांगा? वाटलं, काय ताकद आहे आपल्या लेखणीची! माणसं हेलावली! आणि त्या भरात पहिला घास पाहुण्याचा म्हणून मी ओंजळभर शेंगा ओढल्या.

चव जरा कडवट होती. करपली असेल म्हटलं. पण सगळे माझ्याकडे बघतायत, तोंड वाकडं कसं करणार?

"वा! वा! अशी पोपटी जन्मात खाल्ली नव्हती!"

हे मात्र अगदी खरं बोललो. आणखी एक ओंजळ चेपली. मग साहित्याचं माणसाच्या जीवनातलं स्थान यावर बोलायला उभा राहिलो, तर स्थानच हलायला लागलं! एका नानाचे तीन नाना दिसायला लागले. दरदरून घाम सुटला. 'साहित्य' म्हणायला तोंड उघडलं ते बांधाकडे पळालो, आणि पुढचं सगळं बांधावर!

इकडे सुनेनं शेंगांतून एक काळपट डबी उचलली. झाकण भलतीकडेच.

"अगो बाय! ही आईंची मिश्रीची डबी! सोने, तू घातलीस?"

दात घासायची हो, भाजलेल्या तंबाखूची मिश्री! रखमा वहिनींचा जीव की प्राण. मडकं उपडं ठेवतात म्हटल्यावर डबीचं झाकण राहतंय होय? सगळ्या शेंगांना मिश्री लागलेली, आणि वास उठला तो थेट वहिनींचा.

सोनी रडवेली झाली. "मास्तर आजोबांनीच सांगितलंन! आवडती वस्तू घाल म्हून!"

नानानं डबी हातात घेतली. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बांधावर ओणव्या झालेल्या माझ्याकडे. आणि गडगडून हसायला लागला! हसता हसता रडला, रडता रडता हसला, सोनीला उचलून पोटाशी धरलंन आणि मला ओरडून म्हणाला,

"अरे मास्तर, मी जल्मभर त्या मिश्रीसंगती संसार केला, आणि तू दोन ओंजळींत आडवा?"

रात्री तिथंच झोपवलं मला. नाना उशाशी बसून रखमा वहिनींचे किस्से सांगत होता, मी 'हं' म्हणत होतो. डोकं गरगरत होतं, पण जिवाला बरं वाटत होतं.

सकाळी सोनी लिंबू-पाणी घेऊन आली. लेखकाची खोड जाते का? मी क्षीण आवाजात विचारलंच, "काय गो, माझ्या गोष्टीतला कुठला भाग सगळ्यात आवडला?"

तिनं जराही विचार केला नाही.

"तुम्ही ओकलाव तो! आजोबा हसले ना तवा."

दुसऱ्या आवृत्तीत हा प्रसंग घालणार आहे मी. तेवढी पहिली आवृत्ती आमच्या पलंगाखालून बाहेर पडू दे!