नोझल सुटेपर्यंत

"निधान, निधान," असं पुटपुटत ते आधी इंजिनावर तळहात ठेवायचे. मला वाटायचं, मिस्त्री त्या लोखंडाला धनाचा ठेवा म्हणताहेत. मग कळलं, कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मूळचे दुधनीचे, आमच्याशी मराठी बोलायचे, यंत्राशी कन्नड. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

एकोणीसशे तिसाच्या पुढची वर्षं. सोलापूरबाहेर रेल्वेच्या रुळांलगत एका ऊसमळ्यावर मी स्टोअर सांभाळत होतो. मळ्यावर एक जुना तेलावरचा ट्रॅक्टर होता. त्याचं तेल फवारणारं नोझल काजळीनं इंजिनाच्या डोक्यात घट्ट अडकलं. आधीच्या कारागिरानं पान्याला नळी लावून जोर केला, तर वरचं तोंड तुटलं आणि उरलेलं आतच राहिलं. डोक्याला तडा गेला असता तर नवं विलायतेहून मागवावं लागलं असतं. म्हणून मिस्त्रींना सोलापुरातून आणलं.

दुसऱ्या दिवशी दुधनीहून निरोप्या आला. मिस्त्रींची आई अंथरुणाला खिळली होती आणि सारखं त्यांचं नाव घेत होती. मिस्त्री हात पुसत मॅनेजरसाहेबांकडे गेले. "उसाच्या लागणीचे दिवस आहेत," साहेब म्हणाले. "ट्रॅक्टर चालू करा आणि खुशाल जा." मला आत बोलावून सांगितलं, मिस्त्रींची हत्यारांची पेटी काम नसेल तेव्हा कुलपात ठेवायची. त्यातली निम्मी हत्यारं त्यांनी स्वतः घडवलेली. ती सोडून ते जाणार नाहीत, हे साहेबांना ठाऊक होतं. मलाही.

संध्याकाळी ते स्टोअरच्या दारात आले. "पेटी देता का?"

"माझ्या हातात नाही हो."

किल्ली माझ्या कमरेला होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "व्हय. तुमी तरी काय करणार."

घासलेटचे थेंब सोडायचे, दिव्यानं शेकायचं, निवू द्यायचं, पुन्हा घासलेट. पत्र्याची शेड भट्टीसारखी तापायची. गाडीची शिट्टी झाली की त्यांचा हात थांबायचा. न राहवून मी म्हणालो, "थोडा जोर लावून बघा ना."

"जोर लावला तर डोकं फुटंल. मग म्हैनाभर हितंच."

तिसऱ्या दिवशी तुकड्याच्या पोकळीत आटे पाडून त्यांनी त्यात बोल्ट बसवला. वर जाड पट्टी आडवी ठेवली आणि नट पाव पाव फेरा आवळत गेले. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसला नाही. दुपारी बारीकसं कट् झालं आणि बोटाएवढा काळा तुकडा वर आला. नवं नोझल बसवून ट्रॅक्टर धडधडला, तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले. मिस्त्री माझ्या दारात उभे होते.

"आता द्या."

पेटी खांद्यावर टाकून ते स्टेशनच्या रस्त्याला लागले. चालणं कुठलं, पळतच होते.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला. मिस्त्री सोलापूर सोडून गेले होते, म्हणून साहेबांनी त्यांना आणायला मला दुधनीला पाठवलं. मिस्त्रींनी घोंगडं अंथरलं, ताक दिलं, मळ्यावरच्या एकेकाची चौकशी केली. मीच चाचरत आईचं विचारलं.

"मी पोचलो तवा लोक माती देऊन परतत हुते," ते म्हणाले. "सकाळीच गेली. दोन दिस दाराकडं तोंड करून पडली हुती म्हणं."

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"ताक घ्या की. लांबनं आलाय."

साहेबांचा निरोप मी दिलाच नाही. संध्याकाळच्या गाडीनं परतलो आणि मळ्यावर सांगितलं, त्या नावाचं दुधनीत कुणी राहत नाही.