बॅट टाक आन् पळ

एखादी वस्तू समोरच्याच्या हातात द्यायची असते, हे आमच्या जिमखान्याच्या सरांना उभ्या जन्मात कुणी शिकवलं नाही. ते फेकतात. शिरूरच्या कॉलेजात मी ग्रंथपाल. पंधरा वर्षांत त्यांनी परत केलेलं प्रत्येक पुस्तक माझ्याकडे हवेतून आलं आणि मी एकही झेललं नाही. "तुमचं काय खरं न्हाई, मॅडम," असं म्हणून ते दर वेळी हळहळायचे.

बेसबॉलचा संघ काढायचं त्यांच्या डोक्यात आलं, तेव्हा तर कहर झाला. स्वतः सरांनी हा खेळ फक्त मोबाइलवर पाहिलेला. पण भरती जोरात. कँटीनच्या रांगेतल्या पोराकडे अचानक संत्रं भिरकवायचं आणि त्यानं झेललं की, "आडनाव काय रं? सकाळी ग्राउंडवर ये!" पाबळच्या रस्त्याला एका बांधकामावर, खालून फेकलेल्या विटा वरच्या मजल्यावर अलगद झेलणारा एक पोरगा दिसला, तर सरांनी गाडी रस्त्यातच आडवी घातली. तो आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होता, रविवारी मजुरीला जायचा. त्याचं नाव पडलं विट्या. चेंडू मारणाऱ्याच्या मागं उभं राहून झेलण्याचं काम त्याच्याकडे आलं. त्याचा हातमोजा एसटी स्टँडबाहेरच्या चांभारानं जुन्या सीटच्या रेक्झिनमधून शिवला, आणि पळून गाठायचे बेस म्हणून खताच्या गोण्यांत वाळू भरली.

घोडं अडलं ते बॅटपाशी. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथंच टाकून मोकळ्या हातानं पळायचं असतं. आमची पोरं क्रिकेटवर वाढलेली; ती बॅट घेऊन पळायची आणि बेसजवळ पोचली की वाकून जमिनीला टेकवायची! त्यात वेळ जायचा आणि मॅचमागून मॅच आम्ही हरायचो. विट्या तर बॅट सोडायचाच नाही. सर कपाळ बडवून ओरडायचे, "आरं, तिचं काम झालं! टाक आन् पळ!" शेवटी त्यांनी बॅटला सुतळी बांधून दुसरं टोक लिंबाच्या झाडाला अडकवलं. पोरगं बॅटसकट पळालं की हिसका बसून पाठीवर आपटायचं.

अशी दोन वर्षं गेली. सरांच्या निवृत्तीचं वर्ष उजाडलं, तेव्हा प्राचार्यांनी साफ सांगितलं, "एक तरी मॅच जिंका. नाहीतर तुमच्यामागं हे बंद. ग्राउंडवर पार्किंग करू." सरांनी एका शेवटच्या मॅचसाठी अर्ज लिहिला आणि प्राचार्यांच्या हातात दिला. फेकला नाही.

ती मॅच दौंडला होती. मीही रजा टाकून गेले. शेवटचा डाव, दोन्ही संघांची बरोबरी, आमचे दोघं बाद; तिसरा गेला की डाव संपला. आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर आणि मारायला विट्या. तो पहिल्या बेसला वेळेत पोचला, तरच जिंकवणारी धाव मोजली जाणार होती. विट्यानं मारला, आणि बॅटसकट निघाला की हो! सरांनी डोळेच मिटले. मी, पंधरा वर्षं "शांतता राखा" म्हणणारी बाई, घसा फोडून ओरडले, "मेल्या, टाक ती!"

विट्या पोचला. पोरं नाचायला लागली. सरांनी डोळे उघडून मला एवढंच विचारलं, "टाकली का त्यानं?"

"टाकली, सर."

"मग झालं तर," म्हणाले आणि मटकन खाली बसून रडले.

निरोपाच्या दिवशी सर शाल पांघरून फाटकाकडे निघाले. काखेत जुनी बॅट, त्यांचं त्यांनाच भान नव्हतं. मागून विट्या ओरडला, "सर, तिचं काम झालं! टाका आन् पळा!" सगळे हसले. सर थांबले, बॅटकडे बघत राहिले. मग परत आले आणि ती विट्याच्या हातात दिली.

विट्यानं आता एम.ए.ला नाव घातलंय, ते निव्वळ ग्राउंड सुटू नये म्हणून. रोज संध्याकाळी नवी पोरं सुतळीला हिसके खात आपटतात. माझ्याकडे मात्र सगळे पुस्तकं नीट हातात देतात. मला मेलं करमतच नाही.