मांजर जिंकलं तो दिवस

धाड गावातल्या आमच्या फोटो स्टुडिओत तिघं जमलो की किस्सा झालाच म्हणून समजा. कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून अब्रू शाबूत आहे! जुनी, हक्क संपलेली अमेरिकन कार्टूनं आम्ही वऱ्हाडीत डब करून मोबाइलवर टाकतो. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या, पंखा बंद, घामाच्या धारा. डायलॉग माझे. उंदराचा आवाज अंगणवाडीच्या सुनीताताईंचा. मांजराचा दादारावकाकांचा. काका तीस वर्षं सरकारी कचेरीच्या खिडकीवर बसून रिटायर झालेले.

काकांचं एकच दुखणं, मांजर दर वेळी मार खातं! पुण्याची नात फोन करून विचारते, "आबा, आजपण हरलात?" काकांचा चेहरा पडतो, बघवत नाही हो. "एक डाव तरी मले जिंकू द्या बे!"

*

या कार्टूनांत गुरगुरणारा एक बुलडॉग हमखास असतो. त्याला मी डायलॉग दिला, "कोणाले इचारून आला बे?" दुसऱ्याच दिवशी एका पुढाऱ्याचा फोन! म्हटलं, झाली केस.

"कुत्रं माह्यासारखं बोलते, हरकत नाही," साहेब म्हणाले. "पण गळ्यातला पट्टा तेवढा काढा. लोक इचारून राह्यले, कोणाचा हाये म्हणून!"

*

एका कार्टूनात कडा संपला तरी लांडगा हवेत धावतच राहतो. खाली पाहिलं की मग पडतो. एका शाळेत हे दाखवलं, तर एक पोरगी उठली, "गुरुजी, आधी काऊन नाही पडला?"

"त्यानं खाली पाह्यलं नाही म्हणून," गुरुजी म्हणाले. "आपल्या शाळेचंबी तसंच हाये. कोणी छताकडे पाहू नका!"

*

कार्टूनातल्या घरातली बाई मात्र कधी पूर्ण दिसत नाही. नुसते पाय आणि झाडू. सुनीताताईंनी विचारलं, "हिचं तोंड काऊन दाखवत नाहीत?" मी ऐटीत सांगितलं, "ताई, ती तिकडची स्टाइल आहे."

"तिकडची? माह्या सासरी येऊन पाहा. बारा वर्षं झाली, तोंड कोणीच पाह्यलं नाही!"



*

शेवटी काका अडून बसले. "मांजर जिंकल्याशिवाय मी माइकसमोर बसत नाही!" मांजर गेलं तर आमचा कारभारच आटोपला. मी शोध शोध शोधलं आणि एक कार्टून सापडलं. त्यात मांजर उंदराला चक्क मुठीत धरतं! काकांनी नातीला आधीच कळवून टाकलं, "आज पाहाच तू!" नवा शर्ट घालून आले. मी डायलॉग लिहिला होता, "आता तुले गिळतोच!"

सीन आला. उंदीर मुठीत. सुनीताताईंनी गळा काढला, "साहेब, सोडा हो! घरी लेकरं वाट पाहून राह्यली!"

काकांनी माझा कागद बाजूला सारला. चष्मा कपाळावर चढवला. उंदराकडे न पाहताच म्हणाले,

"साहेब मीटिंगले गेले. उद्या ये, आधारची झेरॉक्स घेऊन!"