बैलाला हात काढताना

बैलाला सदरा घालणं सोपं असतं. खरी पंचाईत हातांची. खूर ठेवले तर तो चहाचा कप धरणार कसा? आणि माणसाची बोटं दिली तर बैलाचा मुखवटा घातलेला माणूसच वाटतो. असले प्रश्न मला तेव्हा दिवसभर पुरायचे.

मी नेरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करत होते. गावाहून सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी परत. वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स उरकले की पेन टॅबलेटवर माणसांसारखे वागणारे प्राणी रंगवायचे. चष्मेवाली शेळी, लुगडं नेसलेली म्हैस, स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेला कोल्हा. कुणी मागितलेले नव्हते, पण मला चैन पडत नसे. जनावर दोन पायांवर उभं राहिलं की त्याचं पोट कुठे जातं? धोतरातून शेपटी बाहेर काढायची कुठून?

त्या वर्षी आमच्याच गावच्या पोळ्याचा फ्लेक्स माझ्याकडे आला. मंडळींनी एवढंच सांगितलं, "बैल माणसावानी पायजे, अन् हासले पायजे." मी लगेच ठरवलं, काढायची ती आपलीच जोडी.

आपली म्हणजे पूर्वी आपली असलेली. कापसाचे ते दिवसच वाईट होते. आधी भाव पडला, मग बोंडअळी आली. वैरण परवडेना, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर मिळू लागला, आणि बाबांनी पांढऱ्या-तांबड्या बैलांची ती जोडी बाजारात नेऊन विकली. तेव्हापासून ते पोळ्याला गेले नव्हते. आमच्याकडे तोरणाखाली माणूस आपली जोडी घेऊन उभा राहतो. "रिकाम्या हातानं जाऊन काय करू?" असं म्हणून बाबा सणाच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मला ते बघवत नसे. निदान चित्रातली जोडी बघायला तरी ते चौकात येतील, एवढीच माझी आशा होती.

फोटो एकही धड नव्हता. मग मी शेजारच्या गोठ्यात जाऊन बसू लागले. शेजारची काकू वैतागली. "काय पाहून राह्यली वं एवढी? शेण पायजे का?"

मी हसू शोधत होते. बैलाचे ओठ वर उचलले की तो हसत नाही, निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसतो. डोळे माणसासारखे समोर आणले तर भीतीच वाटते. ते कडेलाच राहू द्यावे लागतात. बघता बघता कळलं की रवंथ करणाऱ्या बैलाचं सगळं सुख कानांत असतं. कान सैल सोडले, पापण्या थोड्या खाली ओढल्या, आणि स्क्रीनवरचा पांढरा चक्क हसला! मी एकटीच टाळी वाजवली. दुकानमालकाने मान वर करून बघितलं आणि पुन्हा कामाला लागला.

हातांचा प्रश्न शेवटी बाबांनी सोडवला, त्यांना न कळता. ते अंगणात दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. रुंद पंजे, जाड, काळपट नखं. खुरांचा रंग नेमका तसाच असतो. मी ते हात दोन्ही बैलांना देऊन टाकले. बाबांना जोडी औतामागून जशी दिसायची तशीच काढली, पाठीकडून. पांढरा डावीकडे, तांबडा उजवीकडे, हात पाठीमागे बांधून फिरायला निघालेले, आणि माना वळवून मागे कोण येतंय ते बघणारे.

आमच्या कामात एक सवय असते. चित्र मध्येच आरशात बघावं तसं उलटं करायचं. डोळा सरावला की चुका दिसत नाहीत, उलटं केलं की वाकडं शिंग लगेच खुपतं. मीही उलटं केलं, शिंग दुरुस्त केलं, आणि पुन्हा सुलटं करायला साफ विसरले. अक्षरं नंतर टाकली, त्यामुळे काही कळलंच नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मी चौकात होते. जोड्या येत होत्या, झडत्यांची, म्हणजे पोळ्यातल्या चढाओढीच्या गाण्यांची, टिंगल सुरू झाली होती. बाबा घरीच होते. मी सारखी वाटेकडे बघत होते. मग कुणीतरी घरावरून जाताना फ्लेक्सवर त्यांचीच जोडी असल्याचं त्यांना ओरडून सांगितलं असावं, कारण बाबा तरातरा येताना दिसले, चप्पल न घालता. ते थेट तोरणाजवळ लावलेल्या फ्लेक्ससमोर थांबले.

"या दोघायच्या जागा काहून बदलवल्या?" सगळ्यांना ऐकू जाईल असे ते ओरडले. "तांबडा डाव्या बाजूनं पाऊल नाई टाकत!"

लोक हसले. मी पुढे झाले. घाईघाईने सांगितलं, "बाबा, चित्र उलटं झालं, मी बदलवून देईन."

ते ऐकतच नव्हते. जवळ गेले, पांढऱ्याच्या कानाशी बोट नेलं, मग त्याच्या हातांशी. तिथे बराच वेळ थांबले.

"दावं कुठं हाय?"

"आता ते माणसं झाले ना बाबा. माणसाले दावं कायले?"

बाबांनी पुन्हा वर बघितलं. त्या वळलेल्या माना आता त्यांना दिसल्या असाव्यात.

"म्हंजे आपल्या मनानं आले," ते हळूच म्हणाले. "मी इकलं त्यायले, तरी आले."

मला रडू आवरलं नाही. बाजूच्या जोडीवाल्याने आपले बैल थोडे सरकवले आणि तोरणाखाली एका माणसाची जागा केली. पोळा फुटून जोड्या घरोघरी निघेपर्यंत बाबा तिथेच उभे होते, रिकामे हात पाठीमागे बांधून.